धुळ्याचं सेकंड इयर, न्यू जर्सीचे मामा आणि अमेरिकेतल्या ट्रान्सफरचा हिशेब

प्रश्न विचारलाय रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांनी. मुलगा धुळ्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला ८२ टक्के, पहिल्या वर्षाचा सीजीपीए ८.१, मॅथ्स-टूला एटीकेटी लागली होती, ती पुढच्या परीक्षेत निघाली. न्यू जर्सीतले मामा म्हणतात, पोराला इकडे ट्रान्सफर करून टाका, थेट थर्ड इयरला बसेल, माझ्या घरी राहील. गावातल्या एका जाणकाराचा सल्ला वेगळा: कॉलेजचं नावच काढू नका, बारावीवर फ्रेश अर्ज करा. नऊ एकर केळी आहे, तिच्यावर कर्ज मिळेल का, हाही प्रश्न आहे.

भाऊ, मी गेली १९ वर्षं जळगावात मुलांना अमेरिकेतल्या प्रवेशाचा सल्ला द्यायचं काम करतो. त्याआधी चार वर्षं अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात परदेशी मार्कशीट तपासायच्या टेबलावर होतो. त्यामुळे दोन्हीकडून सांगतो.

लपवायचा विषय आधी संपवू. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अर्जात एक रकाना असतोच: बारावीनंतर जिथे जिथे नाव घातलं त्या सगळ्या कॉलेजांची नावं द्या. पास झालात की नापास, वर्षभर बसलात की दोन महिने, याला काही अर्थ नाही. खाली सही करायची असते. नंतर उघडकीला आलं तर प्रवेश रद्द होतो, शिकत असला तरी काढतात. शिवाय व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर शिक्षणाचा सगळा इतिहास परत विचारतात. एका कागदावर कॉलेज आहे आणि दुसऱ्यावर नाही, हे अधिकाऱ्याला दिसलं की खोटं बोलल्याचा शिक्का कायमचा बसतो. तुमच्या जाणकाराला म्हणा, इथली मार्कशीट विद्यापीठाच्या रेकॉर्डला आहे, ती काही तापीत वाहून जात नाही.

आता मामांचं ‘थेट थर्ड इयर’. आपल्याकडे डिप्लोमावाला डायरेक्ट सेकंड इयरला बसतो, ते आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं. अमेरिकेत वर्ष मोजत नाहीत, क्रेडिट मोजतात. बॅचलर डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात, इंजिनीअरिंगला थोडी जास्त. ३० पूर्ण झाली की विद्यार्थी दुसऱ्या वर्षाचा, ६० झाली की तिसऱ्या वर्षाचा धरतात. तुमच्या मुलाची दोन वर्षांत इथे ८० क्रेडिट होतील, पण त्यातली तिथे किती धरायची हे तिथलं विद्यापीठ विषय बघून ठरवतं. बहुतेक विद्यापीठांची वर अजून एक अट असते, की डिग्रीची ठरावीक क्रेडिट, पुष्कळदा निम्मी, आमच्याकडेच करायची. तेव्हा जास्तीत जास्त किती धरतील याला वरून झाकण असतं.

माझ्या अनुभवात महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगची दोन वर्षं केलेल्या मुलाची ४५ ते ६० क्रेडिट तिथे धरली जातात. एखाद्याची ३५ वरच थांबतात. हे कशावर ठरतं ते सांगतो, कारण सगळा खेळ इथे आहे आणि घरात इकडे कोणाचं लक्ष नसतं. सगळे मार्कांकडे बघत बसतात. मार्क चांगले असतील तर प्रवेश मिळतो. पण किती वर्षं वाचणार हे अभ्यासक्रमाच्या कागदावर ठरतं.

आपल्या मॅथ्स-वनचं उदाहरण घ्या. एकाच पेपरात मॅट्रायसेस असतात, पार्शल डिफरन्सिएशन असतं, कुठे कुठे कॉम्प्लेक्स नंबर. मॅथ्स-टूमध्ये डिफरन्शियल इक्वेशन आणि मल्टिपल इंटिग्रल. अमेरिकेत हेच विषय चार वेगवेगळ्या कोर्समध्ये वाटलेले असतात: कॅल्क्युलस-टू, कॅल्क्युलस-थ्री, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स. आता टेबलावर बसलेला माणूस काय करतो? तुमचा एक पेपर घेतो, त्याच्या एकेका कोर्सला लावून बघतो, प्रत्येक ठिकाणी तिसरा हिस्सा जुळतो, मग तो ‘सर्वसाधारण गणित’ असं लिहून मोकळा होतो. क्रेडिट दिसायला मिळाली, पण डिग्रीच्या कामाची नाहीत. पोरगं तिथे जाऊन कॅल्क्युलस परत करतं. मीही त्या टेबलावर असताना असं लिहिलेलं आहे, कारण समोर कागद एवढाच होता: युनिट तीन, पार्शल डिफरन्सिएशन, आठ तास. पुस्तक कोणतं, प्रश्न कोणत्या पातळीचे, काही नाही.

यावर उपाय आहे. तीन-चार वर्षांपूर्वी यावलकडची एक मुलगी आली होती, तिचीही मॅथ्सची दोन्ही क्रेडिट अशीच सर्वसाधारण खात्यात गेली होती. आम्ही दोन्ही पेपर एकत्र मांडले. एका बाजूला तिथल्या कॅल्क्युलस-थ्रीचे धडे, दुसऱ्या बाजूला आपल्याकडे तेच कुठल्या सेमिस्टरच्या कुठल्या युनिटमध्ये येतं, किती तास, कुठलं पुस्तक. सोबत विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती, इंग्रजीतच असतात, त्यामुळे भाषांतराचीही कटकट नाही. तो गठ्ठा प्रवेश कार्यालयात न देता गणित विभागाकडे फेरविचारासाठी पाठवला. दोन कोर्स मान्य झाले, आठ क्रेडिट. तिच्या फीच्या हिशेबात अर्ध्या सेमिस्टरचा खर्च वाचला. असा फेरविचाराचा अर्ज बहुतेक ठिकाणी करता येतो, मुलं करत नाहीत एवढंच.

फिजिक्स आणि केमिस्ट्री लॅबसकट असेल तर सहसा धरतात. इथे एक गोष्ट: प्रॅक्टिकलचं जर्नल. सबमिशन झालं, सरांची सही झाली की पोरं ते रद्दीत घालतात नाहीतर ज्युनिअरला देऊन टाकतात. लॅब खरंच झाली का, किती प्रयोग झाले, असं विभागाने विचारलं की दाखवायला तेच जर्नल असतं, प्रत्येक पानावर तारीख आणि सही. वर्कशॉपचा विषय, ज्यात कानस घासून जॉब बनवतात, तो मात्र कुठेच धरत नाहीत. कम्युनिकेशन स्किल्सही तिथल्या लेखनाच्या कोर्सऐवजी चालेल असं धरू नका. आणि इंजिनीअर व्हायचं असलं तरी तिथे इतिहास, समाजशास्त्र, लेखन असे विषय सगळ्यांना सक्तीचे असतात, ते आपल्याकडे झालेले नसतात. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत तर कायद्यानेच अमेरिकेचा इतिहास सहा आणि शासनव्यवस्था सहा क्रेडिट करावी लागते. कॉम्प्युटरवाल्या पोराने टेक्सासची राज्यघटना वाचायची म्हटल्यावर घरचे हसतात, पण ते चुकत नाही.

कागदांकडे येतो. मार्कशीटचं मूल्यमापन काही विद्यापीठं स्वतः करतात, काही ‘वेस’सारख्या संस्थेकडून विषयवार अहवाल मागवतात. कोणाला काय लागतं ते बघूनच पैसे भरा. अहवाल लागत असेल तर मार्कशीटच्या प्रती विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने प्रमाणित करून, बंद पाकिटात, तोंडावर सही-शिक्का मारून थेट पाठवायच्या असतात. विद्यार्थ्याने घरून पाठवलेलं चालत नाही. तुमच्या मुलाचं कॉलेज जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेलं आहे की लोणेरेच्या आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी, ते मार्कशीटच्या डोक्यावर बघा. जळगाव असेल तर बांभोरीला विद्यापीठात सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. लोणेरे म्हणजे रायगड जिल्हा, दोन दिवस गेले. अर्ज करण्याआधी दोन महिने हे काम सुरू करा.

८.१ ला ०.४ ने गुणून ३.२४ असं स्वतः लिहू नका. आहे तो आकडा, दहाच्या पट्टीवर, तसाच लिहायचा. एटीकेटीची मार्कशीटही द्यायची, नापासाची आणि पासाची दोन्ही. एका विषयाने काही बिघडत नाही, गायब मार्कशीटने बिघडतं. आणि मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी कोणी धावपळ करायला लावली तर करू नका, अमेरिकेला ते लागत नाही.

कॉमन ॲपमधून, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जातून, ट्रान्सफरचा अर्ज केला की बऱ्याच ठिकाणी ‘कॉलेज रिपोर्ट’ नावाचा एक फॉर्म लागतो. मुलगा सध्या शिकतोय का, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली का, एवढंच कॉलेजच्या अधिकाऱ्याने भरून द्यायचं. धुळ्याच्या एका कॉलेजात मी हा फॉर्म घेऊन गेलो तर क्लार्कने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, “भाऊ, हाई काय शे?” बरोबरच आहे त्याचं, त्याने कधी बघितलाच नव्हता. प्राचार्यांना वाटलं मुलगा कॉलेजविरुद्ध तक्रार करतोय. तेव्हा आधी प्राचार्यांना भेटा, चहा घ्या, समजावून सांगा, मग फॉर्म पुढे करा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांचा ईमेल कॉलेजच्या डोमेनचा असेल तर उत्तम. साध्या जीमेलवरून आलेल्या पत्राकडे तिथे संशयाने बघतात, आणि त्याला कारणंही आहेत, आपल्याकडच्या काही एजंटांनी ती दिलेली आहेत. ‘मिड-टर्म रिपोर्ट’ हा अजून एक कागद. आपल्याकडे सेमिस्टरच्या मध्ये ग्रेड देत नाहीत, पण इंटर्नल टेस्टचे मार्क असतात. ते प्रत्येक विषयाच्या सरांकडून लिहून घ्यायचे.

नावाचा घोळ हा आपला खास महाराष्ट्राचा. नाशिक बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलाचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि मुलाचं-वडिलांचं मिळून दुसऱ्या ओळीत. कॉलेजच्या आयकार्डावर तिसरंच काहीतरी. अर्जाच्या पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव लिहा. तिथल्या संगणकात एकाच मुलाच्या दोन फाइली तयार झालेल्या मी स्वतः जोडल्या आहेत. एका फाइलीत अर्ज, दुसरीत मार्कशीट, आणि अर्ज अपूर्ण म्हणून पडून.

वेळेचं गणित आपल्या परीक्षांशी जुळत नाही, हे ध्यानात घ्या. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी ट्रान्सफरच्या तारखा बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाची तर आदल्या नोव्हेंबरच्या शेवटाकडेच, आणि तिथे पहिला मान त्यांच्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजच्या, मुलांना. आपल्या हिवाळी परीक्षेचा निकाल कधी लागेल ते देवाला ठाऊक. तुमचा मुलगा या वर्षी अर्ज करेल तेव्हा हातात तीन सेमिस्टर असतील, तेवढं पुरतं. पहिल्या वर्षातच अर्ज करणाऱ्याकडे एकच सेमिस्टर असतं, मग बारावीच्या मार्कांवरच जास्त तोलतात. जानेवारीच्या सत्रालाही काही विद्यापीठं घेतात, पण तेव्हा स्कॉलरशिप फारशी नसते. कॉम्प्युटर सायन्सबद्दल एक इशारा: मोठ्या सरकारी विद्यापीठांत या विषयाला बाहेरून ट्रान्सफर फार थोडी देतात. विद्यापीठात प्रवेश मिळतो आणि विषय मात्र दुसराच पदरात पडतो, असं होतं. पत्रात विषयाचं नाव नीट वाचा.

हार्वर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन यांचं थोडक्यात. ट्रान्सफरने घेतात, पण मूठभर. प्रिन्स्टनने तर कित्येक वर्षं बंद ठेवलेली ट्रान्सफर २०१८ साली परत सुरू केली. एखादा अर्ज करायला हरकत नाही, त्यावर घराचं नियोजन करू नका.

मग पैसा. मामांच्या घरी राहिला तर राहण्या-खाण्याचा खर्च वाचेल, हे खरं. पण न्यू जर्सीत मामांचं घर आहे म्हणून पोराला त्या राज्याच्या रहिवाशाची कमी फी लागणार नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा बाहेरचाच धरला जातो. मी ही गोष्ट दर वर्षी चार-पाच मामांना समजावतो, आणि दर वर्षी एक तरी मामा रुसतो. सरकारी विद्यापीठात बाहेरच्याला फी आणि राहणं मिळून वर्षाला साधारण ४५ ते ६५ हजार डॉलर लागतात, खासगीत ८० हजारांच्याही वर जातं. ट्रान्सफरच्या परदेशी मुलाला स्कॉलरशिप फ्रेश मुलापेक्षा कमी मिळते. मामांच्या घरचा फायदा धरून वर्षाला ४५ हजार डॉलर आणि डॉलरला ९० रुपये धरले तर ४० लाख होतात.

आता शेजारी शेजारी मांडा. मुलगा दोन वर्षं संपवून गेला, ५० क्रेडिट धरली, तर तिथे किमान अडीच वर्षं. म्हणजे एक कोटीच्या आसपास. दुसरा मार्ग: इथेच बीई पूर्ण करायचं, अजून दोन वर्षं, कॉलेजची फी काही लाख. मग एमएसला जायचं, दीड-दोन वर्षं, ६० ते ८० लाख, आणि एमएसला असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच पगारी काम, मिळण्याची थोडी तरी शक्यता असते. पहिल्या मार्गाने साडेचार वर्षांत हातात बॅचलर डिग्री. दुसऱ्याने पावणेसहा-सहा वर्षांत बीई आणि एमएस दोन्ही. शिकून झाल्यावर कामाची मुभा, म्हणजे ओपीटीचे १२ महिने आणि तांत्रिक विषयाला वरचे २४ महिने, दोन्हीकडे सारखीच. एवढं मांडल्यावर दहातले सात बाप उठून घरी जातात, आणि मला फी मिळत नाही, पण ते असो.

ट्रान्सफर कोणाला परवडते? ज्याला शाखाच बदलायची आहे त्याला, उदाहरणार्थ मेकॅनिकलमध्ये अडकलेला पण अर्थशास्त्र करायचंय. ज्याचे आई-वडीलच ग्रीन कार्डावर तिकडे जाणार आहेत त्याला, कारण मग फीचा हिशेबच बदलतो. ज्याचं एकच वर्ष झालंय त्याला, बुडालं तर थोडंच बुडतं. कृषीवाल्यांचं जरा बरं जुळतं. आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या लँड-ग्रँट, म्हणजे सरकारी जमिनीच्या मदतीने शेतीशिक्षणासाठी काढलेल्या, विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली, पहिलं पंतनगर १९६० चं. त्यामुळे राहुरीशी जोडलेल्या धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाची मार्कशीट तिथल्या माणसाला पटकन वाचता येते. एमबीबीएसवाल्यांनी हा विषयच सोडावा. तिथे मेडिकल हे बॅचलरनंतरचं शिक्षण आहे, मधे कुठे जोडता येत नाही.

कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं स्वस्तात करून मग विद्यापीठात जायचं, हा तिथला चांगला मार्ग आहे. पण इथे दोन वर्षं इंजिनीअरिंग केलेला मुलगा परत तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात का चाललाय, हे व्हिसाच्या खिडकीवर पटवणं अवघड. तुमच्या मुलाला मी तो सुचवणार नाही.

केळीवर कर्ज. नऊ एकर म्हणजे आपल्या भागात मोठी असामी, पण बँकेला तारण म्हणून शेतजमीन नको असते. कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली शेतजमीन जप्त करता येत नाही, म्हणून बँक सातबारा बघून कौतुक करते आणि एनए प्लॉट विचारते. गावठाणातल्या घरालाही कागद नीट नसले तर नाक मुरडते. भुसावळला किंवा जळगावला कोणाच्या नावावर फ्लॅट असेल तर तो चालतो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण तेवढ्यात तुमचं एक सेमिस्टरही होणार नाही. तारणाशिवाय मोठं कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्या आहेत, व्याज जास्त, आणि त्या बॅचलरपेक्षा एमएसच्या मुलाला सहज देतात.

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये ते नीट दिसत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, बँकेत जमा झालेली रक्कम, आणि सीएचं मालमत्तेचं पत्रक, असा गठ्ठा तीन वर्षांचा करा. एका वर्षी वादळाने बाग झोपली असेल तर तेही दिसू द्या. मुलाखतीच्या आठ दिवस आधी नातेवाइकांकडून गोळा करून खात्यात टाकलेले २० लाख मात्र अधिकाऱ्याला लगेच ओळखू येतात.

व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत विचारतील: अर्धवट का सोडतोयस? “इथलं शिक्षण चांगलं नाही” हे उत्तर पोरं पाठ करून जातात. ते देऊ नका. त्या विद्यापीठातला कोणता विषय हवाय, किती क्रेडिट मान्य झाली, कधी संपेल, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. मामांनी तुमच्या घरच्यांसाठी कधी कायमच्या व्हिसाचा अर्ज टाकला असेल तर तो मला आधी सांगा, फॉर्मवर लपवू नका.

आणि इथलं नाव कधी काढायचं? व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर आल्यावर. आधी नाही. दोन वर्षांपूर्वी एकाने प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी कॉलेज सोडलं, व्हिसा नाकारला, आणि कॉलेजने परत घ्यायला उरलेल्या वर्षांची फी पुढे केली. तो मुलगा वर्षभर घरच्या बागेत ड्रिपच्या नळ्या बदलत होता.

तुमच्या ठिकाणी मी असतो तर बीई पूर्ण करू दिलं असतं. तरी मुलाचं मन तिकडेच असेल तर दोन-तीन सरकारी विद्यापीठांना अर्ज करा आणि प्रवेश आल्यावर क्रेडिटचा लेखी अहवाल मागा. ५५ च्या खाली आली तर तिथेच थांबा. पण हे ठरायच्या आधीच एक काम या आठवड्यात करून ठेवा. कॉलेजच्या वेबसाइटवर नवा पॅटर्न लागला की जुना अभ्यासक्रम काढून टाकतात. मुलाला सांगा, पहिल्या सेमिस्टरपासूनचा सगळा अभ्यासक्रम उतरवून, छापून, प्रत्येक पानावर विभागप्रमुखांचा शिक्का घे. आणि ज्या ज्युनिअरला फिजिक्सचं जर्नल दिलंय, त्याच्याकडून ते परत आण.